करंट गेल्यावर

आमच्या घरात बोलायचं असेल तर करंट जावा लागायचा. बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत वाढलेल्याला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पुढच्या सोप्यात, म्हणजे दारालगतच्या खोलीत, आमचे चार माग, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे, समोर आणखी कुणाचे; सकाळी बटण दाबलं की दिवसभर नुसता खडखडाट. त्या आवाजात जेवायला बोलवायचं तर हात तोंडाशी न्यायचा, धाग्याची कांडी संपली तर बोट गोल फिरवायचं आणि राग आला तर टक लावून बघायचं. आई तर नुसत्या भुवयांनी आप्पांशी भांडायची आणि जिंकायची. मग दुपारी कधीतरी करंट जायचा. माग होते तिथे थांबायचे, कानात थोडा वेळ गुणगुण राहायची आणि सगळी गल्ली एकदम दारात येऊन बोलायला लागायची.

संसाराची कटकट आप्पा माग चालू असतानाच ओरडून उरकायचे. निम्मी ऐकू जात नाही हा त्यातला फायदा, असं त्यांचं म्हणणं. करंट गेल्यावरचा वेळ मात्र राखून ठेवलेला असायचा. आईने चहा ठेवला की आप्पा उंबऱ्यावर बसायचे, मांडीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "हं. आता कप्तानीण काय करंल, सांगा बगू."

कप्तानीण म्हणजे 'सातवा किनारा' या सिनेमातली. सिनेमा इंग्रजी, पण बेळगावात हिंदी होऊन यायचा. पृथ्वीवरनं निघालेलं एक जहाज, त्यात वर्षानुवर्षांसाठी झोपवून ठेवलेली माणसं आणि त्या सगळ्यांना उतरवायला एखादा ग्रह मिळतो का ते शोधत एकटी जागी राहिलेली कप्तान. एका भागात एक किनारा. तिथं उतरायचं, तिथं माणसाला राहता येत नाही हे कळायचं, आणि पुढे निघायचं. दोन-तीन वर्षांनी पुढचा भाग. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले, विज्ञानाशी त्यांचा संबंध मागाच्या मोटारीच्या पट्ट्यापुरता, पण पहिला भाग बघून बाहेर येताना ते आईला म्हणाले होते, "रातपाळीचं काम हाय बग तिचं. समदी झोपल्यात आनि ही एकटी जागी." तिथून आमचं घर त्या जहाजात बसलं ते बसलंच.

घरात दोन पक्ष होते. आप्पा म्हणायचे, सातव्या किनाऱ्यावर कप्तानीण सगळ्यांना घेऊन उतरणार. आई म्हणायची, सगळ्यांना उतरवेल पण स्वतः उतरणार नाही.

"जिनं जलमभर जहाज चालवलं, तिला जमिनीवर करमंल व्हय?" आई म्हणायची.

"उतराय पायजे गं. न्हायतर एवढं हाल काढलं कशापायी?"

"तुमी मागावरनं उतरलासा तर तुमाला करमंल?"

यावर आप्पा तोंड उघडणार तेवढ्यात करंट यायचा आणि वाद पुढच्या वेळेवर जायचा. माझा धाकटा भाऊ महादेव आप्पांच्या बाजूचा. मी ज्याची बाजू पडती असेल तिकडे जायची, कारण वाद मिटला तर मला चैन पडत नसे. अजूनही पडत नाही, ऑफिसात विचारा.

सिनेमा संपल्यावर शहापूरच्या टॉकीजमध्ये सगळे उठायचे, फक्त वडगावचे विणकर बसून राहायचे. हा शोध आप्पांचा. दुसऱ्या भागाला चप्पल सापडेना म्हणून ते मागे राहिले, पडद्यावर नावं सरकत होती, आणि ती संपल्यावर अचानक दोन मिनिटांचा तुकडा लागला, पुढच्या किनाऱ्याचा. आप्पांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. लुगडं विणून झालं तरी विणकर मागावरचा ताणा मुळापासून कापत नाही. फणीतून आलेले उभे धागे हातभर ठेवतो, कारण नवा ताणा त्याच टोकांना जोडायचा असतो, एकेक धागा पीळ देऊन. ते टोक कापलं तर सगळे धागे पुन्हा पहिल्यापासून ओवत बसा. आमच्याकडे हे जोडायचं काम आईचं. बोटांना राख लावून ती एवढ्या चटचट पीळ द्यायची की बघणाऱ्याला तिची बोटं दिसायची, धागा दिसायचा नाही. आप्पा म्हणाले, त्या सिनेमावाल्यालाबी कळतंय, पुढचं जोडाय टोक ठेवाय लागतंय ते.

अडचण एकच होती. टॉकीजचा ऑपरेटर भावकू त्या दिवशी कसा कोण जाणे थांबला होता, एरवी नावं सुरू झाली की मशीन बंद करून घरी जायचा. आप्पांनी त्याच्याशी आधी भांडण केलं, मग दोस्ती केली. पुढं तो करंट गेल्यावर आमच्याच दारात चहाला येऊन बसायला लागला, आणि नावं शेवटपर्यंत दाखवायला लागला.

सिनेमे किती चांगले होते, मला आता नक्की सांगता येणार नाही. त्यातला एक तर चक्क रटाळ होता. मला आठवण येते ती सिनेमा यायच्या आधीच्या दिवसांची. पेपरात एका कोपऱ्यात बोटाएवढी बातमी यायची, ती आप्पा मागाच्या लाकडाला खळीनं चिकटवायचे. मग महिनोन्‌महिने काही नाही. मग टॉकीजच्या भिंतीवर 'लवकरच' असं लिहिलेलं पोस्टर लागायचं आणि आप्पा काही ना काही काम काढून सायकलवरनं तिकडं जायचे, 'लवकरच' जाऊन तारीख आली का बघायला. आली नसली तर संध्याकाळी हिरमुसून यायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. त्या दिवसांत घरात कुणी कुणावर फार वेळ रुसायचं नाही, कारण करंट गेल्यावर वाद घालायला माणूस लागायचा. आता माझ्या फोनवर दर आठवड्याला काहीतरी नवं येतं. मी ते जेवताना लावते आणि ताट धुवेपर्यंत विसरते.

सहाव्या भागाला आम्ही सगळे गेलो होतो, महादेव बेंगळूरहून खास आला होता. सिनेमा संपला. नावं सुरू झाली. आम्ही बसून राहिलो. नावं संपली, पडदा काळा झाला आणि दिवे लागले. तुकडा नव्हताच. आप्पा जागचे हलेनात. मग उठले ते तडक ऑपरेटरच्या खोलीकडे.

"तोडलास न्हवं?" ते भावकूला म्हणाले.

"आन घेतो तम्मण्णा. जेवडं आलं तेवडं दावलंय."

आप्पांनी विश्वास ठेवला नाही. टोक न ठेवता कुणी कापड उतरवतं, हे त्यांच्या डोक्यात बसणंच शक्य नव्हतं. वर्षभर ते भावकूशी धड बोलले नाहीत. नंतर कळलं की ती कंपनीच विकली गेली, सातवा भाग होणार की नाही हे कुणालाच माहीत नाही. ती बातमी आप्पांनी मागावर चिकटवली नाही.

पुढच्या काही वर्षांत एकेक करून सगळं उठलं. टॉकीज पाडून तिथं लग्नाचा हॉल झाला. आई गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. तीन माग भंगारात गेले. चौथा आप्पांनी ठेवला, कारण त्यावर आईच्या हातचं शेवटचं लुगडं उतरलं होतं आणि हातभर टोकं अजून फणीत आहेत. त्यावर धूळ बसते, मी झाडते. आणि आमच्या भागात करंट जायचा थांबला. चांगलं झालं असंच म्हणायला हवं, सगळे म्हणतात. पण आवाज नाही, त्यामुळे करंट जाण्याची गरज नाही, आणि तरी घरात कुणी बोलत नाही, असं आमचं झालं. मी सोसायटीच्या ऑफिसातनं आले की आप्पा विचारायचे, "आलीस?" मी म्हणायची, "आले." संपलं.

गेल्या वर्षी आमच्या गावदेवीची, मंगाईची जत्रा तोंडावर आली तेव्हा त्यांचा खोकला वाढला. एवढी वर्षं कापसाचा कण छातीत गेलेला. डॉक्टरांनी फोटो काढला, आप्पांना बाहेर बसवलं आणि मला सांगितलं की औषधं देतो, पण फुफ्फुसात फार काही उरलेलं नाही. पुढचा पावसाळा ते बघतील असं मी म्हणणार नाही, असंही डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, करायचं काय मग. ते म्हणाले, त्यांना जे आवडतं ते करू द्या.

आता आप्पांना काय आवडतं, हे मला आठवावं लागलं. याची मला फार लाज वाटली.

आणि त्याच आठवड्यात महादेवचा फोन आला.

"आक्का, सातवा किनारा आलाय."

"कुठं?"

"टीव्हीवर गं. नव्या कंपनीनं काढलाय. शिनेमा न्हाय, आठ भाग हैत, समदं एकदम टाकलंय. मी दोन दिवसांत संपवला. शेवट सांगू?"

"सांगितलास तर बेळगावात पाय ठेवू नकोस," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ हातातला फोन बघत बसले. ना पेपरात बोटभर बातमी, ना भिंतीवर 'लवकरच'. ज्याची एवढी वर्षं वाट बघितली ते येऊन पडलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. तरी मी स्वतःला बजावलं, माधवी, कसं का येईना, वेळेवर आलंय. रविवारी चार भाग, सोमवारी सुट्टी काढून उरलेले चार. आप्पांना शेवट कळू दे. कप्तानीण उतरते की नाही, आई खरी की आप्पा खरे, ते त्यांना कळल्याशिवाय मी त्यांना जाऊ देणार नव्हते. माझ्या हातात दुसरं काही नव्हतंच.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते मागाजवळच्या बाकावर बसले होते. त्यांचे डोळे लकाकले, ते मी कित्येक दिवसांनी बघितलं.

"कवा लागनार?"

"लागलाय. घरात, टीव्हीवर. आठी भाग."

"समदं?"

"समदं."

"मग वाट कवा बगायची?"

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं.

जत्रा होऊन गेल्यावरच्या रविवारी दुपारी आप्पांनी पांढरा सदरा घातला, टोपी घातली, टॉकीजला जाताना घालायचे तशी. भावकूला त्यांनी निरोप धाडला होता. तो काठी टेकत आला, सोबत भाजलेल्या शेंगांची पुडी. आयुष्यभर पडद्याच्या मागं बसलेला माणूस, खुर्चीवर बसून कुणीतरी दुसऱ्यानं लावलेला सिनेमा बघायला त्याला अवघडल्यासारखं होत होतं. मी पडदे ओढले आणि पहिला भाग लावला.

कप्तानीण म्हातारी झाली होती. खरी नटीही म्हातारी झाली असणार, पण आम्हाला ती जहाजातच म्हातारी झाली असं वाटलं. केस पिकलेले, हात जरा थरथरणारे, आणि अजून एकटीच जागी. आप्पा पुढे सरकून बसले. मधे त्यांना खोकल्याची उबळ आली तर तोंडावर टॉवेल दाबला, आवाज नको म्हणून. भाग संपता संपता सातवा किनारा दिसायला लागला, निळा-करडा, ढगाखाली. कप्तानीण दुर्बिणीतून बघते, तर तिथं काठावर एक दिवा जळतोय. जिथं अजून कुणी माणूस पोचलेलाच नाही तिथं कुणीतरी दिवा लावून ठेवलाय. तिचा चेहरा, आणि पडदा काळा.

नावं सुरू झाली. आप्पा आणि भावकू दोघंही हात मांडीवर ठेवून नीट बसले. तेवढ्यात टीव्हीनं ती नावं कोपऱ्यात ढकलली, बारीक केली आणि पुढचा भाग आपोआप सुरू व्हायला लागला.

आप्पांची मान जुन्या सवयीनं मागे वळली. "भावकू, तोडलास?"

"मी हितं बसलोय न्हवं तुझ्या शेजारी," भावकू म्हणाला.

मी हसले. आप्पा हसले नाहीत. "थांबव ते," ते मला म्हणाले.

मी थांबवलं. वाटलं, नावं बघायची असतील. मागे नेऊन नावं लावली. दोघांनी ती शेवटपर्यंत बघितली, त्यातलं एकही इंग्रजी अक्षर वाचता येत नसताना. शेवटी तुकडा नव्हता. असणार कसा, पुढचा भाग दारात उभाच होता.

"लावू आता दुसरा?" मी विचारलं.

"नको. झालं आजचं."

"आप्पा, अजून सात हैत."

"व्हय की. ऱ्हाऊ देत."

"उद्या बगायचा?"

"पुढच्या जत्रंला बगू."

मला आधी वाटलं ते चेष्टा करतायत. मग त्यांचा चेहरा बघितला. भावकूनं माझ्याकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं आणि "मी जरा पान खाऊन येतो" म्हणून काठी घेऊन बाहेर पडला. शेंगांची पुडी तशीच राहिली.

माझा तोल गेला. मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. रजा काढली म्हणाले, तुमच्यासाठी एवढं करतेय म्हणाले, एवढी वर्षं शेवट कळावा म्हणून तडफडलात आणि आता समोर आलाय तर नखरे करताय म्हणाले. आप्पा ऐकत होते. मग जे बोलायचं नव्हतं तेही तोंडून गेलं.

"पुढची जत्रा म्हनं. एवढा येळ हाय व्हय आपल्याकडं?"

म्हटलं आणि जीभ चावली. टीव्हीवर ते पुढच्या भागाचं चित्र तसंच गोठून उभं होतं.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "त्या डॉक्टरचं दार उगडंच हुतं गं. मी भाईर बसून समदं आयकलंय."

मी खाली बघितलं. त्यांनी बाकाचा आधार घेतला आणि उठले. धरायला गेले तर हात झटकला. मागाला धरत, थांबत, दम घेत ते भिंतीपाशी गेले. तिथं जुना लोखंडी मेन स्विच आहे, चार माग चालायचे तेव्हाचा. त्यांनी दोन्ही हातांनी तो खाली ओढला.

टीव्ही गेला. पंखा सावकाश फिरत थांबला. आतल्या खोलीतला फ्रिज बंद पडला आणि तो इतका वेळ आवाज करत होता हे तेव्हा कळलं. गल्लीत बाकी सगळीकडं करंट होता. कुणाचा तरी मिक्सर चालला होता, लांब कुठंतरी एखाद-दुसरा माग. फक्त आमचा करंट गेला होता. कानात ती जुनी गुणगुण आली, शप्पथ.

आप्पा मागावर हात ठेवून उभे होते. फणीत राहिलेल्या त्या हातभर टोकांवर, ज्यांना आईचा शेवटचा हात लागलाय.

"हे कशाला ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

"जोडायला."

"कोन जोडनार हाय? तुला पीळ द्याय येत न्हाय, म्हादेवला माग चालवाय येत न्हाय. तरी ठेवलंय न्हवं?" त्यांना दम लागला. ते बाकावर येऊन बसले, श्वास लागेपर्यंत थांबले. "दोन दिवसांत समदं बगून टाकलं तर मंगळवारी काय करायचं आपन? मी हिकडं बसनार, तू तिकडं बसनार. आलीस? आले. तसंच मरायचं मला?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"दर जत्रंला एक," ते म्हणाले. "मला जेवडं घावतंय तेवडं मी बगतो. ऱ्हायलेलं तुजं."

"आणि शेवट? तुमाला शेवट नको कळायला?"

"तुज्या आईला कुटं कळला?" आप्पा म्हणाले. "तरी भांडून भांडून जीव खाल्ला का न्हाय तिनं माझा?"

मग मी रडले. घरात टीव्ही नाही, पंखा नाही, त्यामुळे ते लपवताही येईना. आप्पांनी मला रडू दिलं, आणि माझं नाक पुसून होईपर्यंत थांबले. मग मांडीवर थाप मारली. थाप हलकी होती, पण जागा तीच होती.

"हं. दिवा कुनी लावला आसंल, सांग बगू."

"मला काय ठाऊक?"

"तुज्या मनातलं नको. तुजी आई काय म्हनाली असती ते सांग. तिच्या बाजूनं कोनतरी पायजे."

मी विचार केला. आई चहा गाळता गाळता बोलायची, उत्तर आधी द्यायची आणि कारण नंतर शोधायची, हे आठवलं. तिचा आवाज मला जमणार नव्हता. तरी म्हणाले, "आई म्हणाली असती, दिवा कुणीबी लावला नसंल. म्हातारीचे डोळे गेलेत. तिला मुक्कामाची आस लागलीया म्हणून दिसतोय."

"हॅट," आप्पा लगेच म्हणाले. "काय बी बोलती. दुर्बिनीतनं बगितलंय तिनं."

"दुर्बीण लावली तरी डोळे तिचेच न्हवं?"

आप्पांनी भावकूची राहिलेली पुडी ओढली आणि एक शेंग फोडली. भावकू परत आला तेव्हा घरात अंधार बघून दारातच थबकला आणि म्हणाला, काय झालं, करंट गेला? आप्पा म्हणाले, व्हय, बस हितं, च्या ठेवतीया ती. मी आत जाऊन गॅस पेटवला. बाहेर त्या दोघांचं सुरू झालं होतं, भावकूचं म्हणणं वेगळंच, की दिवा नसून दुसऱ्या जहाजाची निशाणी आहे.

त्याला आता बरेच महिने झाले. महादेवला मी ताकीद दिलीय. तो फोनवर आप्पांशी बोलताना अडखळतो, त्याला सगळं माहीत असल्यामुळे त्याच्याशी वाद घालता येत नाही, आणि आप्पांना तो हल्ली जरा नीरस वाटायला लागलाय. ऑफिसातून येताना बसमध्ये मला नवा मुद्दा सुचतो आणि घर कधी येतं असं होतं. आल्यावर मी आधी मेन ओढते. शेजारी विचारतात, तुमच्यातच कसा जातो हो करंट? मी म्हणते, वायरिंग जुनं आहे.

आप्पा आता अंथरुणावरच असतात. बोलताना मधे मधे थांबावं लागतं, एका वाक्याला दोन-तीन दम. काल ते म्हणाले की दिवा कप्तानीणीनंच लावला असणार, पुढं कधीतरी, उतरल्यावर, मागून येणाऱ्यांसाठी. मी म्हणाले, असं कसं होईल, ती तर अजून पोचायचीय. ते म्हणाले, ते मला ठाऊक न्हाय, पन ती उतरली आनि दिवा लावला. मी आईच्या बाजूनं जोरात भांडले. एकदाही पडतं घेतलं नाही, त्यांना ते चाललं नसतं.

टॉकीजच्या जागी झालेल्या हॉलच्या भिंतीवर काल जत्रेचं पोस्टर लागलंय. तारीख अजून नाही, खाली नुसतं 'लवकरच' असं आहे. मी आप्पांना येऊन सांगितलं तर म्हणाले, उद्या पुन्यांदा बगून ये. मी आज गेले होते. मला तारीख लवकर यावी असं वाटत होतं आणि येऊच नये असंही वाटत होतं, कारण मंगाईची जत्रा पावसाळ्यातच येते.